आप्पांचं पासबुक आणि तुमचा फोन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचे वडील, आप्पा, वय ७४, निवृत्त शिक्षक, आईबरोबर वाईला राहतात. तुम्ही पुण्यात आयटीत. पेन्शन जमा झाली की आप्पा पासबुक घेऊन बँकेत जातात, मशीनपुढे रांग लावतात आणि एन्ट्री मारून आणतात. मागच्या महिन्यात ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला आणि त्यांनी त्यातल्या नंबरवर फोन लावला. आईंनी वेळेत हटकलं म्हणून निभावलं. तेव्हापासून तुमच्या मनात आहे की त्यांचे सगळे व्यवहार आपल्याच फोनवर घ्यावेत. आप्पांना ते लागलं. “मग खात्यावर माझं नाव तरी कशाला ठेवतेस?” असं ते म्हणाले. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतःच रात्री अकरापर्यंत ऑफिसच्या ग्रुपला बांधलेल्या असता, मुलगी जेवताना ‘आई, फोन ठेव ना’ म्हणते, आणि ज्या गोष्टीने आपणच हैराण झालोय ती आप्पांच्या मागे लावावी की नाही हेच कळत नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३८ वर्षं नोकरी केली. १९८३ साली क्लार्क म्हणून लागलो, २०२१ साली शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यात. माझं मत आधीच सांगून टाकतो: फोनला कामाला जरूर लावा, पण आप्पांचं खातं आप्पांच्या हातातून काढून घेऊ नका. असं का म्हणतो, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मी लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांची जाडजूड लेजरं होती, एक उचलायचं तर दोन्ही हात लागायचे. पैसे काढायला आलेल्याला पितळी टोकन द्यायचं, स्लिप लेजरवाल्याकडे जायची, तो पोस्टिंग, म्हणजे लेजरात नोंद, करायचा, अधिकारी पास करायचे, मग कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा. महिनाअखेरीला बॅलन्सिंग. लेजरातल्या प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून काढायची आणि त्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. फरक लागला की शोधत बसायचं. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ७५० चे ५७० केलेत, असं धरून पानं चाळायची, हे जुन्या हेडक्लार्कने मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. कधी कधी रात्रीचे दहा वाजायचे. घरी पोचायचो तोवर मुलगा झोपलेला असायचा.

तरीही संगणक येणार म्हटल्यावर आम्ही विरोध केला. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये कर्मचारी संघटना आणि आयबीए (इंडियन बँक्स असोसिएशन, म्हणजे बँकांची संस्था) यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. त्याआधीच्या निदर्शनांत मी घोषणा दिल्यात, आणि मनापासून दिल्यात. शेजारच्या टेबलावरचा माणूस उद्या लागणार नाही, ही भीती होती. ती खोटीही ठरली नाही. माझ्या पहिल्या शाखेत १८ माणसं होती. मी निवृत्त झालो तेव्हा तिथे सात उरली होती, आणि खाती तर कितीतरी पटींनी वाढलेली.

पण त्याच संगणकाने तुमच्या आप्पांसारख्या माणसांचं किती भलं केलं, तेही सांगतो. पूर्वी बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मिळायचं. म्हणून तर लोक ‘दहाच्या आत भरा’ म्हणायचे. समजा, खात्यात २० हजार आहेत आणि २८ तारखेला मुलाच्या फीसाठी १५ हजार काढले. तर अख्ख्या महिन्याचं व्याज उरलेल्या पाच हजारांवरच. साडेतीन टक्क्यांनी सुमारे १५ रुपये. २७ दिवस २० हजार बँकेत पडून होते त्याचं काहीच नाही. रोजच्या शिलकेवर व्याज काढणं हाताने शक्यच नव्हतं. शाखा संगणकावर आल्या आणि रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज देणं सुरू करायला लावलं. वरच्या उदाहरणात तेच व्याज ५३ रुपये होतं. मोठ्या ठेवीदाराला याने फारसा फरक पडला नाही. पगार आला की खर्चाला काढणाऱ्याला पडला. घोषणा देणारा मी त्या वर्षी मनातून खूष होतो.

म्हणून तुम्हाला एकाच वेळी राग येतो आणि गरजही वाटते, यात मला काही वावगं दिसत नाही. दोन्ही बाजूंना कारण आहे.

आता एक प्रसंग सांगतो. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातली शाखा. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी एक आजी यायच्या. पूर्वी त्यांचं काम सोपं होतं. स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवायचा, स्लिपवर उठवायचा, आम्ही शेजारी सही करायची. त्यांना सगळे ओळखायचे. पुढे गावोगाव बँकमित्र आले, त्यांच्याकडे बोट ठेवायचं मशीन आलं. आजींच्या गावासाठी ही मोठीच सोय झाली, शाखेपर्यंतचा एसटीचा हेलपाटा वाचला. पण आजींचा अंगठा काही उठेना. जन्मभर खुरपं धरलेलं, राखेने भांडी घासलेली, बोटांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’. बँकमित्राने बोटं पुसून पाहिली, तेल लावून पाहिलं, दहाही बोटं करून झाली. शेवटी आजी एसटीने शाखेत आल्या आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून म्हणाल्या, “सायेब, मी म्हंजी मीच हाय, ह्ये आता कुणी सांगायचं?”

आम्ही जुन्या पद्धतीने स्लिपवर अंगठा घेऊन पैसे दिले. ती सोय तेव्हाही होती, आजही आहे. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पैसे मिळायला उशीर झाला याचा त्यांना एवढा त्रास नव्हता. आपली ओळख पटत नाही, याचा होता. आप्पा तुम्हाला जे म्हणाले तेही मला त्याच जातीचं वाटतं. ३०-३५ वर्षं ज्याने पोरांना हिशेब शिकवला, त्याला उतारवयात स्वतःच्या खात्यातली शिल्लक मुलीला विचारावी लागणं सोपं नसतं.

आणि पासबुकाला कमी लेखू नका. आमच्या एका शाखेत एक बाई नवरा गेल्यावर त्याचं खातं बंद करायला आल्या. नवरा साखर कारखान्यात कामाला, वय ५१. पासबुक दर महिन्याला भरून घ्यायची त्याला सवय होती आणि प्रत्येक एन्ट्रीपुढे त्याने पेन्सिलीने बारीक खूण केलेली होती. मे महिन्यातल्या ३३० रुपयांच्या एका एन्ट्रीपुढे खुणेऐवजी प्रश्नचिन्ह. बाईंनीही तेच बोट ठेवून विचारलं, “हे कशाचे?” तो जीवनज्योती विम्याचा हप्ता होता. फॉर्म भरल्याचं तो स्वतःही विसरला असावा, घरात तर कुणालाच माहीत नव्हतं. त्या एका ओळीमुळे दोन लाखांचा दावा दाखल झाला आणि बाईंना पैसे मिळाले. (तो हप्ता २०२२ पासून ४३६ रुपये आहे. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या खात्यातून मे महिन्याच्या सुमाराला ४३६ किंवा (अपघात विम्याचे) २० रुपये जात असतील, तर ते कशाचे आहेत ते दोघा-तिघांना सांगून ठेवा.) फोनवरचा मेसेज आला की आपण बोटाने बाजूला सारतो. पासबुकातली ओळ पेन्सिल घेऊन बसलेला माणूस वाचतो.

आता तुमच्या मुद्द्याचं, म्हणजे करायचं काय.

सगळ्यात आधी, आप्पांच्या खात्यावरचा मोबाइल नंबर बदलून तुमचा देऊ नका. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि ती करणारी मुलं प्रेमापोटीच करतात. एका ७०-७२ च्या बाईंच्या खात्याला बेंगळुरूच्या मुलाचा नंबर होता. खात्यातून चार दिवसांत तीन वेळा पैसे गेले. तिन्ही मेसेज मुलाच्या फोनवर आले, पण बँकांचे मेसेज त्याने गप्प करून ठेवले होते. बाई पेन्शनच्या दिवशी पासबुक भरायला आल्या तेव्हा उघडकीला आलं. अशा बाबतीत दिवस मोजले जातात. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही रक्कम अंगावर येते. त्यानंतर त्या-त्या बँकेच्या धोरणावर. त्या बाईंचे दिवस मुलाच्या न वाचलेल्या मेसेजांत गेले. आप्पांचे मेसेज आप्पांनाच येऊ देत. अक्षरं मोठी करून द्या.

दुसरं, त्यांचा यूपीआय पिन तुम्ही ठेवून घेऊ नका, ते आपणहून देत असले तरी. पिन दुसऱ्याला दिला की उद्या काही झाल्यास बँक पहिला प्रश्न तोच विचारते, आणि ‘मुलीलाच दिला होता’ या उत्तराने तक्रार लंगडी पडते. त्याऐवजी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोय पाहा. यात खातं आप्पांचं राहतं, मुख्य माणूस तेच, आणि ते तुम्हाला ठरावीक मर्यादेत त्यांच्या खात्यातून पैसे भरायची मुभा देतात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५ हजारांपर्यंत आणि एका वेळी पाच हजारांपर्यंत. अर्धी मुभा दिली तर तुम्ही विनंती पाठवायची आणि प्रत्येक वेळी पिन त्यांनी टाकायचा. वीजबिल, गॅस, औषधं एवढ्यात सहज बसतं. मुभा देणारे ते आहेत, घेणाऱ्या तुम्ही, हे त्यांना नीट समजावून सांगा. माझा अंदाज आहे की त्यांचा निम्मा राग तिथेच उतरेल.

तिसरं, पैशाचे दोन कप्पे करा. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. त्याला पासबुक, चेकबुक आणि शाखा एवढंच पुरे. दुसरं एक छोटं बचत खातं काढा, त्यात दर महिन्याला दहा-पंधरा हजार आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला लिहून द्या, आणि यूपीआय फक्त त्या खात्याला. उद्या कुणी फसवलंच तर हात त्या लहान डब्यापर्यंतच पोचेल. भाजीवाल्याकडचा स्पीकर ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ म्हणाला की आप्पांना मजाही वाटेल. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींना तर सुट्या पैशांची कटकट गेली याचाच सगळ्यात मोठा आनंद झाला होता.

फसवणुकीबद्दल त्यांना भाषण देऊ नका. शिक्षकाला भाषण दिलेलं आवडत नाही. तीन गोष्टी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून फोनशेजारी लावा. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पोलीस, कोर्ट किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन. या तिसऱ्यावर माझा फार भर आहे. चोरलेली रक्कम काही तासांत या खात्यातून त्या खात्यात फिरवली जाते, मधल्या एखाद्या खात्यात ती अडवता आली तरच हाती लागते. आणि शिकलेली, मानाने जगलेली माणसं नेमकी इथेच वेळ घालवतात, घरच्यांना कसं सांगू म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘.apk’ (एपीके) दिसलं तर उघडायची नाही, हेही सांगून ठेवा. आपल्याकडे लग्नपत्रिका न उघडणं म्हणजे अपमान वाटतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्याबरोबर घरात एक रीत पाडा. पैशाचा कुठलाही अनोळखी फोन आला की ‘मुलीला विचारून सांगतो’ म्हणून ठेवून द्यायचा. पण ही रीत एकतर्फी नको. तुम्हीही एखादी मोठी रक्कम भरण्याआधी, ठेव ठेवण्याआधी आप्पांना फोन करा. खरंच करा, दाखवण्यापुरता नको. जो माणूस पासबुकातली प्रत्येक ओळ वाचतो तो तुमचीही एखादी चूक काढेल.

हयातीच्या दाखल्याचं पटकन सांगतो. नोव्हेंबरमध्ये रांगेत उभं राहायची सक्ती आता उरलेली नाही. जीवन प्रमाण ही ऑनलाइन दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून अंगठ्याऐवजी चेहऱ्यावरूनही काम होतं. वाईला जाल तेव्हा तुमच्या फोनवर करून द्या. पायऱ्या चढणं जड जायला लागलं तर सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ पासून सूचना आहे. शाखेत लेखी मागा. मात्र आप्पा आज चालत जातायत तोवर त्यांना जाऊ द्या. तिथे त्यांना चार माणसं ‘गुरुजी’ म्हणून हाक मारत असतील, ती हाक फोनवर ऐकू येत नाही.

आता तुमचं स्वतःचं. यात मी कायद्याचा किंवा मनाचा जाणकार नाही, फक्त त्यातून गेलेला माणूस आहे.

लेजरच्या काळात आम्ही रात्री दहापर्यंत राबलो, पण लेजर घरी नेता येत नव्हतं. बँकेचं कुलूप लागलं की काम आत आणि आम्ही बाहेर. कोअर बँकिंगने, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणक यंत्रणेला जोडल्या गेल्या त्याने, बॅलन्सिंग संपवलं, आम्ही साडेसहाला घरी यायला लागलो, आणि काही वर्षांतच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काम मागोमाग घरी आलं. ‘आज किती खाती?’ ‘आकडा कळवा.’ ‘अजून कोणत्या शाखांचा आला नाही?’ जनधन खात्यांच्या दिवसांत हे रात्री साडेनऊ-दहालाही चालायचं. माझी आई शेवटची दीड वर्षं आमच्याकडे होती. दिवसभर गप्प असायची आणि रात्री जेवताना तिला जुनं काही आठवायचं. एकदा ती सांगता सांगता थांबली. मी म्हटलं, “मग?” ती म्हणाली, “तुझं होऊ दे, मग सांगते.” माझ्या डाव्या हातात फोन होता, मी आकडा टाकत होतो. ते सांगणं राहून गेलं. काय सांगत होती ते आज मला कुणीच सांगू शकत नाही. तुमची मुलगी अजून ‘फोन ठेव’ म्हणतेय, म्हणून हे लिहितो. ती म्हणायची थांबली तर ते जास्त वाईट.

कामाच्या वेळेनंतर फोन आणि मेल न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले फोन आणि टीव्ही बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. त्या गावाने फोन फेकून दिलेले नाहीत. वेळ ठरवली आणि ती सगळ्यांनी मिळून ठरवली, म्हणून पाळली गेली. एकट्या माणसाला हे जमत नाही, हा माझा अनुभव आहे. तुम्हीही ऑफिसात मनातल्या मनात ठरवू नका. वरिष्ठांना स्पष्ट सांगा की आठ ते साडेनऊ मी मेसेज पाहणार नाही, तातडीचं असेल तर फोन करा. मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला माणूस थोडा विचार करतो. बहुतेक फोन येतच नाहीत. तुमच्या कंपनीत हे कितपत चालेल ते तुम्हालाच माहीत. निदान जेवणाच्या अर्ध्या तासापासून सुरुवात होऊ शकेल.

आणि त्या वेळातली रविवारची पंधरा मिनिटं आप्पांना द्या. व्हिडिओ कॉल लावा, त्यांना पासबुक उघडायला सांगा आणि त्या महिन्याच्या एन्ट्री त्यांनी वाचायच्या, तुम्ही ऐकायच्या. मुलीलाही शेजारी बसवा. आजोबा तिला जमा आणि नावे शिकवतील.

पुढच्या खेपेला वाईला जाल तेव्हा एक दिवस रजा टाकून कामाच्या दिवशी जा आणि आप्पांबरोबर शाखेत चला. छोटं खातं उघडायचं ते तेव्हाच. नॉमिनीचं नाव तपासून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, त्यात आईंचं नाव आहे ना ते पाहा. आईंचं नाव खात्यावरच घालायचं असेल तर ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ हा पर्याय निवडा. काउंटरवर बोलायचं ते आप्पांनी. तिथला मुलगा तुमच्याकडे बघून प्रश्न विचारेल, आम्हीही असंच करायचो, तेव्हा ‘खातेदार ते आहेत, त्यांना विचारा’ एवढंच म्हणा. बरोबर पासबुक, आधार, पॅन, आप्पा आणि आई दोघांचे दोन-दोन फोटो आणि आप्पांचा वाचायचा चष्मा घ्या. त्या फॉर्मवरची अक्षरं फार बारीक असतात आणि सही करण्याआधी ते सगळा फॉर्म वाचणार. त्यांना वाचू द्या, मागे रांग असली तरी.